बंद पोटमाळा : नियम काय सांगतो, पाऊस काय सांगतो

मुंबई-नाशिक महामार्गावरून शहापूरकडे वळले, किंवा मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागले, की दुतर्फा उतरत्या छपरांचे टुमदार बंगले दिसू लागतात. मुंबई-ठाण्यातल्या अनेकांनी शनिवार-रविवारसाठी ही घरे बांधली आहेत. वर रंगीत पत्रा किंवा कौले, खाली जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि दोहोंच्या मध्ये चहूबाजूंनी बंद केलेली त्रिकोणी पोकळी, अशी यातील बऱ्याच घरांची रचना असते. पाली, वटवाघळे, उंदीर आणि पावसाची झड आत येऊ नये, म्हणून ही पोकळी बंद करण्याकडे कल असतो. मग एखाद्या श्रावणात छतावर तपकिरी डाग उमटतात. मालक गळती शोधू लागतो. पण छप्पर कुठेच गळत नसते. पाणी वरून आलेले नसते, ते हवेतून आलेले असते.

हे समजण्यासाठी शाळेतले विज्ञान पुरेसे आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. २० अंशांना हे प्रमाण जेमतेम १७ ग्रॅमवर येते. हवा थंड झाली, की उरलेले बाष्प थेंबांच्या रूपाने जवळच्या थंड पृष्ठभागावर बसते. पावसाळ्यात खालच्या खोलीत वातानुकूलन यंत्र सुरू असेल, तर जिप्समचा तक्ता गार होतो आणि पोटमाळ्यातील दमट हवेचे पाणी त्याच्या वरच्या अंगाला धरते. हिवाळ्यात उलटे घडते. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे त्याच्या खालच्या बाजूने दव ठिबकते. पोकळीला वारा नसला, की हा ओलावा वाळत नाही. मग लाकडाला बुरशी आणि खिळ्यांना गंज ठरलेलाच.

जुनी घरे कोंदट का नव्हती?

या भागातील जुन्या घरांनाही माळा होताच. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, वर वासे, रिपा आणि त्यांवर नुसती रचलेली कौले. चुलीचा धूर माळ्यावरून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्या धुराने वासे कोरडे राहत, बियाण्याला कीड लागत नसे. हा माळा कधीच बंद नव्हता. तो श्वास घेत होता. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये यंत्रावर कौले बनवण्याचा कारखाना काढला. ही मंगलोरी कौले पुढे कोकणात सर्वत्र पोहोचली. एकमेकांत खाचा अडकवून बसणाऱ्या या कौलांमधूनही थोडी हवा खेळतेच. पत्रा आणि सीलिंग यांच्या जोडीने मात्र हा मार्ग बंद केला.

नियमांचा अर्थ कसा लावावा?

मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्याखेरीज मार्गदर्शक म्हणून २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता आहे. उतरत्या छपरातील उरलेली जागा साठवणीसाठी वापरली आणि तिची उंची दीड मीटरपेक्षा अधिक नसली, तर संहिता तिला 'लॉफ्ट' म्हणते. तेथे गादी टाकून मुलांची खोली केली, की ती राहण्याची खोली ठरते. मग उतरत्या छपराखाली सरासरी २.७५ मीटर उंची हवी आणि उष्ण-दमट हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा हवी. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट खिडक्या आल्या. शिवाय मंजूर नकाशात ती खोली नसेल, तर प्रश्न केवळ उकाड्याचा राहत नाही.

साठवणीच्या वा रिकाम्या पोकळीचे मात्र तसे नाही. खिडक्यांचे प्रमाण राहण्याच्या खोलीसाठी आहे. त्यामुळे बंद पोकळी दिसली म्हणून कोणी नकाशा अडवेलच असे नाही. येथेच गफलत होते. नियमाने अडवले नाही, याचा अर्थ ते योग्य आहे असा नव्हे.

अमेरिकेतील निवासी इमारत संहिता याबाबत तपशिलात शिरते. तिचा मूळ नियम असा, की पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५० व्या हिश्शाइतकी मोकळी झरोक्याची जागा असावी. म्हणजे ६०० चौरस फुटांना चार चौरस फूट. बिनझरोक्याचा पोटमाळा तेथे २००६ च्या आवृत्तीपासून मान्य आहे, पण अटींवर. उष्णतारोधक थर सीलिंगवर न पसरता छपराच्या उतारालगत, फट न ठेवता बसवायचा. पोटमाळा घराच्या आतील हवेचाच भाग मानायचा. आणि त्याच्या सीलिंगला बाष्प अडवणारा प्लास्टिकसारखा थर लावायचा नाही. थोडक्यात, 'बंद' म्हणजे नुसते बुजवलेले नव्हे. आपल्याकडे यातले पहिले अर्धेच उचलले जाते : झरोके जातात, अटी मात्र येत नाहीत.

आपल्याकडेही २०१८ च्या 'इको निवास संहिते'ने छपराच्या उष्णतावहनाला दर चौरस मीटर, दर अंशामागे १.२ वॉट ही मर्यादा सुचवली आहे. ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांसाठी आहे. पण उघडा पत्रा याच्या कैक पट उष्णता आत सोडतो, हे लहान घर बांधणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

करायचे काय?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे झरोके ठेवणे. निम्मे वळचणीखाली, निम्मे आढ्यालगत. म्हणजे गरम हवा वरून जाते आणि खालून नवी येते. त्रिकोणी भिंतीत झरोका काढल्यास त्याला उतरत्या पट्ट्या, आत बारीक जाळी आणि वर पुरेसे छज्जे हवेत, कारण येथला पाऊस तिरपा येतो. बंदच ठेवायचे असेल, तर उतारालगत सलग थर बसवावा आणि तो कोण, कसा बसवणार, हे कंत्राटात लिहून घ्यावे. स्वयंपाकघराचा वा न्हाणीघराचा पंखा पोटमाळ्यात कधीही सोडू नये.

हा विचार केवळ बंगल्यांपुरता नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते. एवढ्याशा घरावर पत्रा टाकला, तर त्याखालच्या कुटुंबाला एप्रिलची दुपार काढण्यासाठी दुसरी खोली नसते. तेथे आढ्यालगतचे दोन झरोके ही चैन नव्हे, गरज आहे. ते ठेवण्याची वेळ मात्र पत्रा चढण्यापूर्वीची असते.