न दिसणारी मिळकत

संसारांत मिळकत दोन प्रकारची असते. एक पगाराच्या दिवशीं हातीं पडते. ती सर्वांस दिसते व तिचें कौतुकही होतें. दुसरी, जें व्यर्थ जाणार होतें तें जाऊं न दिल्यानें घरांत राहते. ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, आणि म्हणून तिचें श्रेयही कोणास मिळत नाहीं. आमच्या घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया ही दुसरी मिळकत पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. तीच कारखान्यांत करून देणारा एक व्यवसाय आपल्या देशांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभा राहिला आहे. त्या व्यावसायिकास ऊर्जा-संवर्धन अधिकारी, किंवा कायद्याच्या भाषेंत ऊर्जा-व्यवस्थापक, असें म्हणतात. आपल्या मुलामुलींनीं पुढें काय करावें हा विचार ज्या घरांत चालतो, त्या घरांस या कामाचा परिचय सोलापूरच्या निमित्तानें करून द्यावा, असा आमचा हेतु आहे.

सोलापूरच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, वीज निर्माण करणें आणि वीज खर्च करणें या दोहोंचें चित्र येथें एकाच मुलखांत पाहावयास मिळतें. शहराजवळ फताटेवाडीच्या परिसरांत एन.टी.पी.सी.चें १,३२० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याचा ६६० मेगावॉटचा पहिला संच २०१७ सालीं व तेवढाच दुसरा २०१९ सालीं सुरू झाला. त्यास लागणारा कोळसा आगगाडीनें दुरून येतो व पाणी उजनीच्या जलाशयांतून येतें. उलट शहरांत पाहावें तों चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग, त्यांस रंगीत सूत पुरविणारे रंगारखाने, त्यांचे बॉयलर, असा लहान लहान कारखान्यांचा पसारा. एके काळीं हें शहर गिरण्यांच्या भोंग्यावर उठत असे. ते भोंगे मुके झाले. आज विणकामाचा भार मुख्यतः या लहान कारखान्यांवर आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. ऊर्जा-संवर्धन कायदा २००१ सालीं झाला, आणि १ मार्च २००२ रोजीं त्याच्या अंमलबजावणीकरितां ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. महाराष्ट्रांत हें काम महाऊर्जा ही संस्था पाहते. ठराविक मर्यादेहून अधिक ऊर्जा वापरणाऱ्या कारखान्यानें परीक्षा उत्तीर्ण झालेला ऊर्जा-व्यवस्थापक नेमलाच पाहिजे, असें बंधन या कायद्यानें घातलें. ही परीक्षा ब्यूरो घेतो. अभियांत्रिकीची पदवी वा पदविका आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांस ती देतां येते. व्यवस्थापकास तीन प्रश्नपत्रिका असतात, व बाहेरून येऊन तपासणी करणाऱ्या ऊर्जा-परीक्षकास चार. २०१२ सालीं सुरू झालेल्या योजनेंत तर आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांस बचतीचीं उद्दिष्टें नेमून देण्यांत आलीं, व उद्दिष्टाहून अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रें विकून पैसा मिळविण्याचीही सोय झाली.

परंतु खरी अडचण येथेंच आहे. वस्त्रोद्योगासाठीं ठरविलेली मर्यादा वर्षास ३,००० टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेची आहे. सारा हिशेब विजेंत केला तर ती सुमारें साडेतीन कोटी युनिटें होते. चाळीस-पन्नास मागांचा कारखानदार या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाहीं. म्हणजे ज्याच्याजवळ तज्ज्ञ ठेवण्याची ऐपत आहे, त्यास कायदा तो ठेवावयास लावतो. आणि ज्याचा नफाच विजेच्या बिलांत व बॉयलरच्या जळणांत झिजून जातो, त्याच्याकडे मात्र असा कोणीही नसतो. ब्यूरोनें लहान उद्योगांचे जे समूह अभ्यासासाठीं निवडले, त्यांत सोलापूरचा वस्त्रोद्योगही होता, ही समाधानाची गोष्ट होय. तरीही अभ्यास एकदां होतो, आणि नासाडी रोज होते.

ही नासाडी कशी होते, तें साध्या उदाहरणांनीं सांगतां येईल. रंगारखान्यांत वाफ आपलें काम करून थंडावली म्हणजे तिचें कढत पाणी होतें. तें गटारांत सोडून बॉयलरला थंड पाणी भरणें म्हणजे तापविलेलें दूध ओतून देऊन पुन्हां नवें तापविण्यासारखें आहे. बॉयलरला जाणारें पाणी सहा अंशांनीं अधिक गरम असलें, तर जळणांत सुमारें एक टक्का बचत होते. जेथें दाबाखालची हवा वापरतात, तेथें नळीस तीन मिलिमीटरचें छिद्र पडलें तरी सुमारें तीन किलोवॉट शक्ति फुकट जाते; कारखाना अहोरात्र चालत असेल तर हीं दिवसाचीं बहात्तर युनिटें झालीं. मोठ्या पंख्याची गति एक-पंचमांशानें कमी केली तर त्यास लागणारी शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते. जळून पुन्हां गुंडाळलेल्या जुन्या मोटारी, कापड न गुंडाळलेल्या वाफेच्या नळ्या, बिघडलेला पॉवर फॅक्टर, अशीं छिद्रें शोधूं लागल्यास पुष्कळ सांपडतात.

एवढें सोपें आहे, तर मग तें होत कां नाहीं? कारण या अधिकाऱ्याचें अर्धें काम यंत्राशीं असतें व अर्धें माणसाशीं. मालकास खर्च आज करावा लागतो व लाभ हळूहळू दिसतो. शिवाय वाटेल तीं आश्वासनें देऊन यंत्रें विकणाऱ्यांचा अनुभव त्यानें घेतलेला असतो. म्हणून बदल करण्यापूर्वीं मोजणें, केल्यावर पुन्हां मोजणें आणि आंकडा कमी आला तरी तो जसाच्या तसा मालकापुढें ठेवणें, हीच या व्यवसायाची अब्रू होय. दुसरीकडे, भट्टीपुढें उभ्या असलेल्या माणसास जें ठाऊक असतें तें पुस्तकांत नसतें. सोलापुरांत विणकरांमध्यें तेलुगुभाषक पद्मशाली समाज मोठा आहे. त्यांच्याशीं चार शब्द त्यांच्या भाषेंत बोलतां येणाऱ्या अधिकाऱ्यास जी माहिती मिळेल, ती कोऱ्या अहंकारानें गेलेल्यास मिळणार नाहीं.

आणखी एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. काटकसर आणि कंजूषपणा यांत जो भेद आपण घरांत मानतों, तोच कारखान्यांतही मानला पाहिजे. वैशाखांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत मागावरच्या माणसाचा पंखा बंद करून जो बचत दाखवितो, त्यानें ऊर्जा वाचविली नसून दुसऱ्याचें सुख कापून घेतलें आहे. तेंच काम, तितक्याच सुखानें, कमी इंधनांत होणें, ही खरी बचत.

हाच न्याय आपल्या घरासही लागूं आहे. जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॉट घेतो, तर नव्या पद्धतीचा ३० वॉटच्या आसपास. एकत्र कुटुंबांत असे पांच पंखे रोज बारा तास फिरत असतील, तर दिवसाला २.७ युनिटांचा फरक पडतो. वर्षांतले आठ महिने धरले तर तो साडेसहाशे युनिटांच्या घरांत जातो. वातानुकूलन यंत्राचें तपमान एका अंशानें वाढविल्यास सुमारें सहा टक्के वीज वाचते, असें ब्यूरोचें सांगणें आहे. म्हणूनच २०२० पासून तारांकित यंत्रें मुळांत २४ अंशांवर लावून देण्याचा नियम झाला. घरीं वांचलेल्या प्रत्येक युनिटामागें कोठेंतरी थोडा कोळसा व उजनीसारख्या जलाशयाचें थोडें पाणी वांचतें, हें सोलापूरकरांस तरी निराळें सांगावयास नको.

ज्या घरांत अभियांत्रिकी शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरास आमचें सांगणें इतकेंच कीं, मोठ्या कारखान्यांतील नेमणूक चांगली आहेच, ती अवश्य मिळवावी. परंतु पंधरा-वीस लहान कारखान्यांनीं मिळून एक अधिकारी ठेवावा, आणि त्यानें आळीपाळीनें प्रत्येकाचें मोजमाप पाहावें, असें घडून आल्यास कायदा जेथें पोंचत नाहीं तेथें विद्या पोंचेल. त्या कामांत मिरवणूक निघणार नाहीं. बंद पडूं शकणारा एखादा माग चालूं राहील, आणि त्या मागावरच्या घरची चूल पेटती राहील. न दिसणाऱ्या मिळकतीचें मोल याहून अधिक काय सांगावें?