सोपी गोष्ट: चारही घोडे ‘फेव्हरिट’, तरी पैज का बुडते? चेल्टनहॅमच्या बेटिंगचं गणित

१० मार्च २०१५. इंग्लंडमधलं चेल्टनहॅम रेसकोर्स. प्रशिक्षक विली मलिन्स यांचे तीन घोडे, दुवान, अन द सो आणि फॉहीन, एकापाठोपाठ एक शर्यत जिंकले होते. तिन्ही फेव्हरिट होते. चौथी होती ॲनी पॉवर ही घोडी. तीही फेव्हरिट.

हे चारही जिंकतील अशी एकत्रित पैज असंख्य लोकांनी लावली होती. ॲनी पॉवर पुढे होती, शेवटचा अडथळा तेवढा उरला होता. तिने झेप जरा लवकर घेतली आणि ती कोसळली. घोडी आणि जॉकी रुबी वॉल्श दोघंही सुखरूप उठले, पण हजारो पैजा त्या क्षणी बुडाल्या. त्या एका पडण्यामुळे बुकींचे सुमारे ५ कोटी पौंड वाचले, असा अंदाज तेव्हा ब्रिटिश माध्यमांनी दिला होता.

हे फक्त नशीब होतं का? थोडंफार. बाकीचं गणित होतं, आणि ते पैज लावतानाच ठरलं होतं.

चेल्टनहॅम फेस्टिव्हल म्हणजे काय?

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला होणाऱ्या शर्यतींमध्ये घोडे सपाट ट्रॅकवर धावतात. चेल्टनहॅममध्ये त्यांना अडथळ्यांवरून उड्या मारत धावावं लागतं. दरवर्षी मार्चमध्ये चार दिवस हा फेस्टिव्हल भरतो. रोज सात, म्हणजे एकूण २८ शर्यती होतात. शेवटच्या दिवशीचा गोल्ड कप सर्वांत मानाचा. सव्वातीन मैलांहून जास्त अंतर, २२ अडथळे आणि शेवटी दमछाक करणारा चढ.

इथे वेगवान घोडाही पडू शकतो किंवा दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे अडखळू शकतो. त्यामुळे खात्रीचा घोडा असं काही नसतं. १९९० मध्ये १००/१ भाव असलेला नॉर्टन्स कॉइन गोल्ड कप जिंकला होता.

भाव कसा वाचायचा?

२/१ भाव म्हणजे १ पौंड लावला आणि घोडा जिंकला तर २ पौंड नफा, शिवाय लावलेला १ पौंड परत. म्हणजे हातात ३ पौंड. याच भावातून घोड्याची शक्यताही कळते. २/१ म्हणजे तीनात एक, साधारण ३३ टक्के. १/२ भाव असेल तर २ पौंड लावून फक्त १ पौंड नफा. इथे शक्यता ६७ टक्के धरलेली असते.

आता २०१५ चे भाव पाहू. दुवान २/१, अन द सो ४/६, फॉहीन ४/५ आणि ॲनी पॉवर १/२. चारही एकत्र जोडले, तर १ पौंडाचे साडेतेरा पौंड होतात. अशा पैजेला ‘ॲक्युम्युलेटर’ म्हणतात. पहिल्या शर्यतीची सगळी रक्कम दुसऱ्या शर्यतीवर लागते, दुसरीची तिसरीवर. एक घोडा हरला की सगळं शून्य.

साडेतेरा पट मिळतात, कारण चारही जिंकण्याची शक्यता त्या भावांनुसार जेमतेम ७ टक्के होती. सुटा पाहिला तर प्रत्येक घोडा भक्कम वाटतो. चौघांची साखळी मात्र शंभरातून सुमारे ९३ वेळा तुटणारच.

बुकी कुठे कमावतो?

समजा, एका शर्यतीत सहा घोडे आहेत. त्यांचे भाव २/१, ३/१, ४/१, ५/१, ९/१ आणि ९/१. प्रत्येकाची शक्यता काढून बेरीज केली तर ती १०० यायला हवी. इथे येते ११५. कोणताही घोडा जिंकला तरी १०० पौंड हातात यावेत, असं वाटत असेल तर सहाही घोड्यांवर मिळून ११५ पौंड लावावे लागतील. वरचे १५ हा बुकीचा वाटा.

म्हणजे १०० पौंड लावणाऱ्याला सरासरी ८७ पौंड परत मिळतात. असाच वाटा असलेल्या चार शर्यती जोडल्या, तर प्रत्येक टप्प्यावर तो कापला जातो आणि सरासरी ५७ पौंडच उरतात. बुकींच्या जाहिरातींमध्ये ॲक्युम्युलेटर इतके का दिसतात, याचं उत्तर इथे आहे.

‘इच-वे’ सुरक्षित असते का?

ही मुळात दोन पैजांची जोडी असते. अर्धी रक्कम घोडा जिंकण्यावर, अर्धी तो पहिल्या काहींमध्ये येण्यावर. ५ पौंड इच-वे म्हणजे खिशातून १० पौंड जातात.

१६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत सहसा पहिले चार धरले जातात आणि भावाचा चौथा हिस्सा मिळतो. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणलेली शर्यत. १६/१ चा घोडा तिसरा आला, तर जिंकण्यावरचे ५ पौंड जातात, दुसऱ्या अर्ध्यावर २५ पौंड मिळतात. निव्वळ नफा १५ पौंड.

पण १/२ भावाच्या फेव्हरिटवर इच-वे लावण्यात फारसा अर्थ नाही. तो दुसरा आला, तर परत मिळणारी रक्कम लावलेल्या एकूण रकमेपेक्षा कमीच असते.

रक्कम दुप्पट करत गेलं तर?

हा जुना सापळा आहे. हरलं की पुढच्या शर्यतीत दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल, असं यामागचं तर्कशास्त्र. १० पौंडांपासून सुरुवात केली आणि पहिल्या सहा शर्यती हरलात, तर ६३० पौंड गेलेले असतात. सातव्या शर्यतीवर ६४० लावावे लागतात. ब्रिटनमध्ये फेव्हरिट घोडा साधारण तीनपैकी एकच शर्यत जिंकतो. त्यामुळे ओळीने सहा पराभव अजिबात दुर्मीळ नाहीत. शिवाय दिवसाला शर्यती सातच असतात. सातवीही हरली, तर १,२७० पौंड बुडतात.

मग अनुभवी पंटर काय करतात?

ते आधी जमीन पाहतात. पावसाने ट्रॅक मऊ झाला की काही घोडे खुलतात, काही चिखलात अडकतात. घोडा चेल्टनहॅमच्या चढावर आधी कसा धावला, किती अंतर त्याला झेपतं, उड्या स्वच्छ मारतो का, हे तपासतात. वेगवेगळ्या बुकींचे भाव ताडून पाहतात. सातही शर्यतींत पैसे लावत नाहीत. मुख्य म्हणजे दिवसाची रक्कम आधी ठरवतात, तिचे सारखे भाग करतात आणि ती संपली की थांबतात. यातून तोटा कमी होतो. बुकीचा वाटा मात्र कायम राहतो.

उधारीच्या पैशांनी जुगार खेळणं किती महागात पडतं, हे पाहूनच ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने बेटिंग करण्यावर बंदी घातली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. पण २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे भारतात बसून मोबाइलवरून परदेशी बुकीकडे पैसे लावणं कायद्याच्या दृष्टीनेही जोखमीचं आहे.

ॲनी पॉवर वर्षभराने, २०१६ मध्ये, त्याच मैदानावर परतली आणि चॅम्पियन हर्डल ही मानाची शर्यत जिंकली. घोडीला दुसरी संधी मिळाली. आदल्या वर्षी बुडालेले पैसे मात्र कुणाला परत मिळाले नाहीत.