टायरला आलेला फुगा आणि पोटातली महाधमनी

नाणे मावळातले एक आजोबा चार वर्षे माझ्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला येत. भातशेती, दिवसाला दोन बंडल बिड्या आणि 'मला काही होत नाही, डॉक्टर' हे ठरलेले वाक्य. मागच्या पावसाळ्यात मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण पोटातली महाधमनी एका जागी ४.६ सेंटिमीटर फुगलेली होती. एरवी ती तिथे साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. चार वर्षे मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, पोटावर मात्र एकदाही हात ठेवला नव्हता. ठेवला असता तर ठोका हाताला लागला असता.

लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात जाते. १९१५ पासून हे चालू आहे. पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली पडते, म्हणजे तळाशी पाइपवर वातावरणाच्या सुमारे पन्नासपट दाब. त्यापुढे आपला १२० चा रक्तदाब किरकोळच. पाण्यात मोजला तर जेमतेम १६३ सेंटिमीटर, एका माणसाच्या उंचीचा स्तंभ! पण पाइप पोलादाचे, आणि धमनी मऊ. शिवाय तिला दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसायचे असतात.

मग ती फुगत कशी नाही? लांबट फुगा फुंकून पाहा. सुरुवातीला जोर लागतो, मग एका जागी गोळा उठतो आणि त्यानंतर तोच भाग सहज फुगत जातो. कारण साधे आहे: आतला दाब तोच असला तरी नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. रुंदी दुप्पट झाली की ताण दुप्पट, आणि भिंत ताणली गेल्यामुळे पातळही झालेली. निव्वळ रबराची धमनी असती तर आपण सगळेच असे फुग्यासारखे फुगलो असतो.

धमनीची रचना सायकलच्या चाकासारखी आहे. आत ट्यूब, बाहेर दोऱ्यांचा टायर. इलॅस्टिनचे तंतू रबरासारखे ताणतात आणि परत येतात. कोलॅजेनचे तंतू नागमोडी, सैल पडलेले असतात. धमनी थोडी फुगली की ते सरळ होतात आणि पुढचा भार स्वतःवर घेतात. त्यामुळे धमनी जितकी ताणावी तितकी कडक होत जाते. फुग्यात हे घडत नाही.

टायरचे दोरे तुटले की आपण म्हणतो, 'टायरला फुगा आला.' पोटात तेच होते. इलॅस्टिन मुख्यतः वाढीच्या वयात तयार होते, मोठेपणी त्याची भरपाई जवळजवळ होत नाही. वयाबरोबर ते झिजते, तंबाखूच्या धुराने फार लवकर झिजते. पोटातल्या महाधमनीत, मूत्रपिंडांच्या खालच्या भागात, ते मुळातच कमी असते. त्यामुळे फुगे बहुधा तिथेच येतात. तीन सेंटिमीटरच्या पुढे त्याला आजार म्हणायचे. पुरुषांमध्ये साधारण साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार होतो: कापडी नळी बसवतात, किंवा जांघेतून आत सरकवतात. तोवर सोनोग्राफीने लक्ष ठेवायचे आणि बीपी ताब्यात ठेवायचे.

या फुग्याचा त्रास बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणूनच पासष्टी ओलांडलेल्या, कधी काळी बिडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असे मी आता सांगतो. अचानक पोटात किंवा पाठीत जीवघेणी कळ येऊन घाम फुटला, चक्कर आली, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये; थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आजोबांना दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावले आहे. परवा आले, माप ४.७. 'एक मिलिमीटर म्हणजे किती, डॉक्टर?' त्यांनी विचारले. मी नखाची कड दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि खिशातले बिडीचे बंडल काढून नातवाच्या हातात दिले. नातू म्हणाला, 'घरी अजून दोन आहेत.'