विषाणुजन्य मेंदूज्वराचा कालक्रमानुसार मागोवा : मेंदूचे प्रतिमांकन आणि चंडिपुरा विषाणू

प्रस्तावना :

1965 साली नागपूर परिसरातील चंडिपुरा येथे तापाची साथ आली असता दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. हे कार्य पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने केले. 1978 पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. पुढे जवळजवळ चार दशके चंडिपुरा हे नाव मुख्यतः विषाणुशास्त्रज्ञांपुरतेच मर्यादित राहिले. 2003 च्या जून ते ऑगस्ट या काळात आंध्र प्रदेशात 329 बालकांना तीव्र मेंदूज्वर झाला व त्यांपैकी 183 दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही या विषाणूचा उद्रेक आढळला. वालुमाशीच्या दंशाने पसरणारा हा आजार प्रामुख्याने 15 वर्षांखालील मुलांना होतो.

प्रतिमा काय दाखवते?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मेंदूच्या कोणत्याही प्रतिमेत विषाणू दिसत नाही. दिसतो तो त्याने घडवलेला बदल, आणि तोही मुख्यतः पाण्याचा. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण किती शोषले गेले याचे मापन होते. त्यामुळे सूज बरीच वाढल्याखेरीज ती स्पष्ट होत नाही आणि आरंभीच्या दिवसांतील सीटी अनेकदा सामान्य येतो. एमआरआय हे तंत्र पाण्यातील हायड्रोजन अणुकेंद्रांच्या चुंबकीय प्रतिसादावर आधारलेले आहे. त्यातील डिफ्यूजन पद्धतीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. पेशी सुजल्या की पाणी त्यांच्यात अडकते, हालचाल मंदावते व तो भाग उजळ दिसतो. म्हणून आजाराची सर्वांत लवकर चाहूल बहुधा याच पद्धतीने लागते.

नागीण वर्गातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या मेंदूज्वरात हा कालक्रम विशेष स्पष्ट आढळतो. प्रथम शंखखंडाच्या आतील भागात डिफ्यूजनची उजळी येते. नंतर फ्लेअर प्रतिमेत सूज पसरताना दिसते. काही रुग्णांत सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यानंतर डिफ्यूजनची उजळी ओसरू लागते. येथेच वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो, कारण उजळी ओसरणे म्हणजे बरे होणे नव्हे. पेशी मृत होऊन पाणी पुन्हा मोकळे झाले, असाही त्याचा अर्थ असू शकतो. काही महिन्यांनंतरच्या प्रतिमेत शंखखंड आक्रसलेला दिसला म्हणजे स्मरणशक्तीच्या तक्रारीचे कारण उलगडते. जपानी मेंदूज्वरात मात्र दोन्ही बाजूंचे थॅलॅमस व कृष्णद्रव्य बाधित होते आणि नंतर उरणाऱ्या कंप व ताठरपणाशी त्याची संगती लावता येते.

चंडिपुराची अडचण :

चंडिपुराच्या बाबतीत हा क्रम पाहण्यास वेळच मिळत नाही. 2003 मध्ये अनेक बालके रुग्णालयात दाखल झाल्यापासून 24 तासांतच मृत्यू पावली. काही चिकित्सकांनी सीटीतील बदलांच्या आधारे हा मेंदूचा दाह नसून रक्तपुरवठ्याचा विकार असावा, असे मत मांडले व त्यास ‘एपिडेमिक ब्रेन अटॅक’ असे संबोधले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मात्र चंडिपुरा विषाणूचा मेंदूज्वर हेच निदान मांडले. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. दाह व रक्तपुरवठ्याचा अडथळा यांचा प्रतिमांतील प्रवास निराळा असतो. परंतु प्रवास समजण्यास किमान दोन प्रतिमा लागतात आणि दुसऱ्या प्रतिमेपर्यंत बालक जगावे लागते. शिवाय एमआरआयसाठी बराच वेळ निश्चल राहावे लागते. झटके येणाऱ्या, श्वास अस्थिर असलेल्या मुलास त्यासाठी गुंगीचे औषध देणे जोखमीचे ठरते.

2024 मध्ये जूनच्या आरंभापासून 15 ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी 82 दगावले. 64 जणांत चंडिपुराची खात्री झाली व बहुतांश रुग्ण गुजरातमधील होते. ही खात्री आरटी-पीसीआर चाचणीने होते, प्रतिमेने नव्हे.

सेलूसारख्या तालुक्याच्या गावातील बालकास अशा तपासणीसाठी परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. झटके थांबवणे व श्वास सुरळीत ठेवणे हे उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत, प्रतिमा नंतरची. वाचलेल्या मुलाची तीन-सहा महिन्यांनंतरची तपासणी बहुधा निराळ्या गावी, निराळ्या यंत्रावर होते. तेव्हा तुलनेसाठी पहिली फिल्म वा सीडी हाताशी असावी लागते. केवळ लेखी अहवालावरून ‘सूज कमी झाली’ आणि ‘मेंदू आक्रसला’ यांतील फरक ठरवणे कठीण जाते.