संत्र्याची साल आणि तेलविहिरीतला चिखल

तेलविहीर खोदताना पोकळ दांड्यांतून खाली सोडला जाणारा आणि दांडी व विहिरीची भिंत यांच्यामधल्या जागेतून वर परतणारा द्रव, ज्याला या व्यवसायात 'मड' म्हणतात, तो दगडाचा चुरा वर आणतो, खडक फोडणारा बिट थंड ठेवतो आणि खडकातल्या तेल-वायूचा दाब आपल्या वजनाने रोखून धरतो. १९०१ साली टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप येथे डबक्यात गुरे फिरवून असा चिखल केल्याचे सांगितले जाते. पुढे फुगणारी बेंटोनाइट माती, वजनासाठी बराइट हे जड खनिज आणि अनेक रसायने त्यात आली. त्यांतली काही एकाच कामाची असतात, ते म्हणजे मडमधले पाणी सच्छिद्र खडकात झिरपू न देणे. ही झिरप मोजताना मड गाळणकागदावर सुमारे ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाखाली ३० मिनिटे ठेवतात आणि खालच्या मापनळीत उतरलेले पाणी मिलिलिटरमध्ये वाचतात. पाणी जितके कमी आणि कागदावर बसलेला थर जितका पातळ व चिवट, तितके मड चांगले.

त्यासाठी आजवर वापरात असलेले स्टार्च आणि सीएमसी, म्हणजे सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेली भुकटी, मुळात वनस्पतिजन्यच आहेत. म्हणून पेक्टिन व सेल्युलोज असलेल्या फळांच्या सालींचा विचार होणे स्वाभाविक होते. अमेरिकेतील मिझुरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मँडरिन जातीच्या संत्र्याची आणि बटाट्याची साल वाळवून, दळून मडमध्ये मिसळली, तेव्हा झिरप घटली. नागपुरी संत्रा याच मँडरिन कुळातला, आणि तो वाशीम जिल्ह्यातही पिकतो; म्हणून हा विषय त्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या घरांपर्यंत येऊन पोहोचतो.

मालेगाव तालुक्यात बोअरची गाडी काळ्या बेसाल्टमध्ये दाबाच्या हवेने खोदते, त्यामुळे मडला इथे गिऱ्हाईक नाही. ते आहे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या समुद्रात, जिथे १९७४ साली 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगने मुंबई हाय क्षेत्रातले तेल शोधले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. समुद्रात मड आणि चुऱ्याची विल्हेवाट हा कायमचा प्रश्न असतो, म्हणून तिथे विघटनशील पदार्थाला वेगळे मोल आहे.

मात्र कुजणे हा जसा सालीच्या भुकटीचा गुण, तसाच दोषही. ती टाकीतच सडू नये म्हणून जंतुनाशक घालावे लागते, आणि ते जहाल असेल तर पर्यावरणाचा दावाच पोकळ ठरतो. सालीमुळे मडचा सामू उतरतो, तो सावरायला कॉस्टिक सोडा लागतो. खोल विहिरीच्या उष्णतेत असे वनस्पतिजन्य पदार्थ तुटू लागतात. त्यामुळे उथळ, कमी तापमानाच्या विहिरीच तिचे खरे क्षेत्र मानाव्यात.

सर्वांत अवघड आहे तो एकसारखेपणा. ओल्या सालीत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, ते वैशाखातल्या विदर्भाच्या उन्हात फुकट उडून जाईल, पण अंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात आणि घंटागाडीत पडणाऱ्या ओल्या कचऱ्यात साल, उरलेला भात, तेल आणि मीठ एकत्रच असतात. मीठ बेंटोनाइटचे फुगणे रोखते, म्हणून साल घरातच वेगळी ठेवली गेली नाही, तर गिरणीतून निघालेल्या दोन पोत्यांचे गुण सारखे राहणार नाहीत, आणि प्रत्येक पोत्याची झिरप-चाचणी पुन्हा करावी लागेल.