राखीव प्रतींचा सर्व्हर उघडत नाही तेव्हा

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा १९६६ साली उटकमंडहून म्हैसूरला आली. शिलालेखांचे कागदावर उमटवलेले शाईचे ठसे हा तिचा मोलाचा ठेवा होय. मूळ शिळा झिजली वा फुटली, तरी ठशावरून लेख वाचता येतो. परंतु स्थलांतराची वार्ता न कळलेला एखादा अभ्यासक त्यानंतर उटकमंडला गेला असता, तर त्याला रिक्त हस्ते परतावे लागले असते. ठसे सुरक्षित होते. बदलला होता तो पत्ता.

संगणकातील माहितीच्या राखीव प्रती जपणाऱ्या सर्व्हरचेही असेच होते. एखाद्या ग्रंथालयाने आपला कारभार नव्या यंत्रणेवर हलवावा आणि दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये राखीव प्रतींचे पान उघडूच नये, ही घटना विरळा नाही. अशा वेळी प्रती नष्ट झाल्या असे मानून डिस्क पुसण्याची व सर्व मांडणी नव्याने करण्याची घाई होते. याहून घातक उपाय नाही. प्रती बहुधा जागेवरच असतात. पुसल्याने मात्र त्या खरोखरच जातात.

तपास आतून बाहेर करीत जावा. प्रथम त्या सर्व्हरवरच बसून १२७.०.०.१ हा पत्ता उघडून पाहावा. या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः' असा आहे. येथे पान दिसले, तर आतला कार्यक्रम चालू आहे असे समजावे. मग शेजारच्या संगणकावरून सर्व्हरचा आयपी क्रमांक घालून पाहावा. क्रमांकाने पान उघडते, पण नावाने उघडत नाही, असे झाल्यास दोष नावांच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक नोंद किती सेकंद स्मरणात ठेवावी हे ठरलेले असते. ती मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर पुरता एक दिवस जुनाच पत्ता सांगितला जाऊ शकतो.

क्रमांकानेही पान उघडले नाही, तर नकाराची तऱ्हा पाहावी. तत्काळ नकार आला, तर त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकत नाही, किंवा कार्यक्रम केवळ १२७.०.०.१ वरच ऐकत आहे. दीर्घकाळ काहीच उत्तर न येणे हे बहुधा फायरवॉलचे लक्षण असते. जुन्या यंत्रणेवर ४४३ क्रमांकाच्या पोर्टला दिलेली परवानगी नव्या यंत्रणेवर आपोआप येत नाही.

'प्रवेश निषिद्ध' हे उत्तर सर्वांत फसवे. लिनक्ससारख्या यंत्रणेत फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने नोंदलेला असतो. जुन्या यंत्रणेत ज्या खात्याचा क्रमांक ११२ होता, त्याच नावाच्या खात्याला नव्या यंत्रणेत ११८ क्रमांक मिळाला, तर ते स्वतःच्याच फाइलींना परके ठरते. नाव सारखे दिसत असल्याने पाहणाऱ्यास काही उमगत नाही. मालकी नव्या क्रमांकावर केली की दार उघडते. सर्वांनाच सर्व अधिकार देऊन टाकण्याचा सोपा मार्ग मात्र धरू नये.

आणि पान उघडले म्हणजे प्रती शाबूत आहेत, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. राखीव प्रती शोधू जाता त्यांची जागा रिकामी आढळली. माहितीसाठा ९.६ या आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारा कार्यक्रम ९.२ चा चालवला जात होता. तो प्रत्येक वेळी अयशस्वी होई, आणि तशी सूचना देणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती होती. तिच्यानंतरच्या नोंदी गेल्या. म्हणून सर्व्हर उघडताच त्यातील एक फाइल वेगळ्या जागी परत आणावी, ती उघडावी, आणि मूळ फाइलीशी ताडून पाहावी.