टाकीतल्या दुधाची साक्ष

दूध तपासणे ही गोष्ट आपल्याकडे कोणाला नवीन नाही. खेड्यातील दूधसंस्थेत ती रोज दोन वेळा होते. किटलीतील दुधाची फॅट काढतात, डिग्री लावतात, आकडा वहीत मांडतात आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतले जाते. दूध चांगले की पातळ, एवढाच या तपासणीचा प्रश्न असतो. परंतु दुधाला आणखी एक प्रश्न विचारता येतो : ज्या गाईंनी हे दूध दिले, त्यांच्या कळपातून कोणता रोग जाऊन गेला आहे? स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या उत्तर युरोपातील चार देशांनी हाच प्रश्न विचारून एक चिवट विषाणुजन्य रोग आपल्या गोठ्यांतून घालवला. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय काहींना अस्थानी वाटेल; पण त्यातील खरी गंमत पुराव्याची आहे, आणि पुरावा कसा वाचावा हा प्रश्न इतिहासाच्या आणि तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही रोजचाच आहे.

या रोगाचे इंग्रजी नाव ‘बोव्हाइन व्हायरल डायरिया’, संक्षेपाने बीव्हीडी. १९४६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील गाईंमध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्या गाईंना जोराची हगवण लागली होती, म्हणून हे नाव पडले. नाव मात्र फसवे आहे. बहुतेक गाईंना या विषाणूची बाधा होऊन गेल्याचे मालकाला कळतही नाही. थोडा ताप येतो, दूध काही दिवस कमी होते, आणि दोन-तीन आठवड्यांत गाय पूर्ववत होते. खरे नुकसान मागाहून दिसते. गाई उलटतात, गाभडतात, अशक्त वासरे जन्मतात, लहान जनावरे इतर आजारांना चटकन बळी पडतात. शेतकरी कधी चाऱ्याला दोष देतो, कधी वळूला, कधी नशिबाला.

असा रोग कळपात वर्षानुवर्षे टिकतो कसा? गाय बरी झाली की तिच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती पुढे अनेक वर्षे राहतात, आणि तिला पुन्हा बाधा सहसा होत नाही. तेव्हा काही काळाने रोग आपोआप विझायला हवा. तो विझत नाही, याचे कारण गर्भाशयात आहे. गाय सुमारे नऊ महिने गाभण असते. त्यातील पहिल्या चार महिन्यांत तिला बाधा झाली, तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचतो. त्या वेळी गर्भाच्या शरीराला आपले कोणते आणि परके कोणते हे अजून ओळखता येत नसते. विषाणू तेथे आधीच हजर असल्यामुळे ते शरीर त्याला आपलाच समजते. असे वासरू जगले, तर जन्मभर विषाणू बाळगते आणि लाळेतून, शेंबडातून, मूत्रातून, शेणातून तो सतत बाहेर टाकत राहते. त्याविरुद्ध त्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करीत नाही. अशी बरीच वासरे दोन वर्षांच्या आत मरतात. पण काही धडधाकट दिसतात, वाढतात, वितात आणि दुसऱ्याच्या दावणीला विकलीही जातात. अशी गाय व्याली की तिचे वासरूही तसेच निपजते. कळपात शंभरांत एखादेच असे जनावर असले तरी रोग धुमसत ठेवण्यास ते पुरते. यास आपण ‘कायमबाधित’ जनावर म्हणू.

म्हणजे येथे पुराव्याची विचित्र उलटापालट झालेली आहे. ज्या गाई रोगातून गेल्या आणि आता निर्धोक आहेत, त्यांच्या अंगी खूण आहे. जे जनावर रोग पसरवते, त्याच्या अंगी ती खूण नाही. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या तपासणीत नेमका गुन्हेगार निर्दोष ठरेल. मग करायचे काय? प्रत्येक जनावराचे रक्त घेऊन विषाणू शोधायचा, तर लाखो जनावरांचे काम आणि खर्च डोंगराएवढा. येथे दुधाची टाकी उपयोगी पडली.

त्या देशांत प्रत्येक गोठ्यात दूध थंड ठेवण्याची एक टाकी असते. सगळ्या दुभत्या गाईंचे दूध तीत एकत्र होते, आणि ते न्यायला येणारा टँकर गुणवत्तेसाठी नमुना घेतच असतो. प्रतिपिंडे रक्तातून दुधातही उतरतात. त्यामुळे त्याच नमुन्यातील थोडे दूध प्रयोगशाळेत पाठवले, की साऱ्या कळपाचा एकत्रित जबाब हाती येतो. हे स्वस्तात करणारी पद्धत म्हणजे एलायझा. ती १९७१ साली स्टॉकहोम विद्यापीठात एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी मांडली. त्याच सुमारास हॉलंडमध्येही दोघा संशोधकांनी ती स्वतंत्रपणे शोधली. तीत प्रतिपिंड असेल तर द्रवाला रंग चढतो, आणि प्रतिपिंडे जितकी अधिक तितका रंग गडद. स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले, की टाकीतील दुधाचा हा आकडा आणि कळपातील बाधा होऊन गेलेल्या गाईंचे प्रमाण यांचा जवळचा संबंध आहे. त्यावरून कळपांचे शून्य ते तीन असे चार वर्ग पाडले गेले. शून्य म्हणजे रोगाचा मागमूस नाही. तीन म्हणजे कळपात कायमबाधित जनावर आज असण्याचा दाट संशय.

परंतु संशय म्हणजे सिद्धता नव्हे. कायमबाधित जनावर विकले गेले वा मेले, तरी बऱ्या झालेल्या गाई पुढे अनेक वर्षे दुधात प्रतिपिंडे देतच राहतात. टाकीला जुनी आठवण आणि ताजी बातमी यांतला फरक सांगता येत नाही. म्हणून पुढची पायरी अशी : पहिल्या वेताच्या गाईंचे दूध वेगळे तपासायचे, किंवा लहान कालवडींतील थोड्यांचे रक्त पाहायचे. त्या अलीकडे जन्मलेल्या. त्यांच्यात प्रतिपिंडे नसतील, तर रोग त्यांच्या जन्मापूर्वीच गेला असला पाहिजे. असतील, तर तो अजून गोठ्यात आहे. तसे दिसले तरच एकेक जनावर तपासून प्रत्यक्ष विषाणू शोधायचा. या शेवटच्या शोधातून कोणी सुटता कामा नये, कारण भाकड गाय, कालवड आणि वळू यांचे दूध टाकीत कधी येतच नाही.

नॉर्वेने ही मोहीम १९९२ च्या अखेरीस सुरू केली, स्वीडनने १९९३ मध्ये, डेन्मार्क व फिनलंडने १९९४ मध्ये. लस मुद्दाम वापरली नाही. लसीनेही प्रतिपिंडे तयार होतात, आणि मग दुधाची साक्ष गढूळ होते. स्वीडनमध्ये योजना आरंभी ऐच्छिक होती. शेतकऱ्यांनी आपण होऊन त्यात यायचे, कळप स्वच्छ ठरवून घ्यायचा आणि यापुढे स्वच्छ कळपातूनच जनावर घ्यायचे. बहुतेक कळप स्वच्छ झाल्यावर उरलेल्यांना सक्ती करण्यात आली. पंधरा-वीस वर्षांत चारही देश या रोगातून मोकळे झाले.

हे वाटते तितके सोपे नव्हते. सापडलेले जनावर पुष्कळदा दिसायला धष्टपुष्ट असे. केवळ प्रयोगशाळेतील कागदाच्या आधारे ते कत्तलखान्यात पाठवायला मालकाने तयार व्हावयाचे होते. दुसरी अडचण यशातूनच उपजते. रोग गेला की बरी झालेली पिढी हळूहळू संपते आणि नव्या गाईंच्या अंगी प्रतिपिंडे नसतात. एक कायमबाधित जनावर बाहेरून आले, तर सगळा कळप उघडा पडतो. म्हणून रोग गेल्यावरही टाकीची तपासणी चालूच ठेवावी लागते.

टाकीतील दुधाचा दुसऱ्या अंगाने झालेला उपयोग अमेरिकेत दिसला. मार्च २०२४ मध्ये तेथे टेक्सास राज्यातील दुभत्या गाईंत एच५एन१ हा पक्ष्यांचा फ्ल्यू आढळला. गाईंचे दूध एकाएकी घटले आणि चिकासारखे दाट, पिवळसर झाले. हा विषाणू कासेतच वाढतो आणि दुधात मोठ्या प्रमाणात येतो. पाश्चरीकरणाने तो निकामी होतो. कच्च्या दुधात मात्र धोका राहतो. ६ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या कृषिखात्याने कच्च्या दुधाचे नमुने देशभर तपासण्याचा आदेश काढला. येथे प्रतिपिंडांऐवजी विषाणूचाच अंश शोधतात. या तपासणीमुळेच १९२५ नव्हे, अगदी कालपरवा म्हणजे २०२५ च्या आरंभी, नेव्हाडा राज्यातील गाईंत या विषाणूचा एक निराळा प्रकार उघडकीस आला. पक्ष्यांतून गाईंत तो दुसऱ्यांदा शिरला होता, हे दुधाने सांगितले.

हे सारे आपल्याकडे जसेच्या तसे आणता येईल का? बीव्हीडीची प्रतिपिंडे भारतातील गाई-म्हशींतही सापडलेली आहेत, म्हणजे प्रश्न परका नाही. पण आपला दूधधंदा दोन-चार जनावरांच्या घरांवर उभा आहे. संस्थेच्या कॅनमध्ये साऱ्या गावाचे दूध मिसळते, तेव्हा ती साक्ष एका गोठ्याची न राहता गावाची होते. वस्तीत रोग फिरतो आहे एवढे ती सांगेल. कोणाच्या दावणीला, हे घरोघर जाऊनच शोधावे लागेल. आणि सापडलेल्या जनावराचे पुढे काय? महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे. ते जन्मभर वेगळे बांधून पोसावे लागेल, आणि दोन गाईंवर संसार चालवणाऱ्याने हा भार एकट्याने का उचलावा?

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. स्वीडनमध्येही काचेतील रंगाने रोग गेला नाही. तो रंग पाहून शेजाऱ्याच्या गोठ्यासाठी आपले जनावर सोडायला शेतकरी राजी झाले, म्हणून गेला. आपल्याकडे तशी वेळ आली, तर तपासणीच्या खर्चाइतकाच विचार त्या एका जनावराच्या मालकाला भरपाई देण्याचाही करावा लागेल. तो झाला नाही, तर दूध खरे बोलेल, आणि गाव ते ऐकणार नाही.